खळ्यावर ‘न्हाई’ म्हणू नये

आमच्या सूनबाईंचं म्हणणं असं, की मी दूधवाल्याकडं असं बघते जणू त्यानं म्हैस चोरूनच आणली आहे. बघते. दूध बघायच्या आधी माणूस बघावा, असं माझं मत आहे. कुलूप लावलं की मी दोनदा ओढून बघते. भाजीवालीनं मूठभर कोथिंबीर फुकट वर घातली, की खालची वांगी किडकी असणार हे मी धरून चालते. कुणी फारच गोड बोलायला लागलं तर पदर सावरून बसते. मुलगा हसतो, म्हणतो, “माय, तू जन्मताच अशी व्हतीस का गं?” जन्मताच अशी कोण असतं बाबा. मी तर लय भोळी होते. सांगितलं ते खरं मानायची. एका सुगीत शहाणी झाले, ती झालेच.

सुगी आली की ते सगळं परत येतं. माघ सरत आला, की परभणीच्या ह्या आमच्या गल्लीतूनसुद्धा कडब्यानं भरलेले ट्रॅक्टर जायला लागतात. गच्चीवरच्या कपड्यांना ज्वारीचा बारीक कोंडा चिकटतो. सूनबाई कपडे झटकत राहते, पोरं मान खाजवत शाळेला जातात. मला ती खाज ओळखीची आहे. मी कुणाला न सांगता गच्चीवर जाऊन उभी राहते. ओळखीचं काही अंगाला लागलं की माणसाला बरं वाटतं, मग ते सुखाचं असो की नसो.

परवा मुलासोबत गावी गेले होते. मळणीचं यंत्र चालू होतं. एका दुपारीत आख्ख्या रानाची रास पडली. आवाज एवढा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोललेलं ऐकू येईना. सगळे हातवारे करून बोलत होते. मुलगा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “लय सोपं झालं ना गं आता?” मी मान हलवली. मनात म्हटलं, सोपं झालं हे खरं. कुणाचं काही ऐकूच आलं नाही, तर अर्थ तरी कोण कशाचा काढणार.

आमच्या वेळचं खळं म्हणजे महिनाभराचा संसार असायचा. काळी माती चोपून, शेणानं सारवून अंगण करायचं, मधोमध लाकडी खांब रोवायचा, त्याला तिवडा म्हणायचे. भोवती कणसं पसरायची आणि बैलांची पात दिवसभर गोल गोल फिरवायची. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली. चप्पल लांब काढायची, शिवी द्यायची नाही, आणि सगळ्यात मोठा नेम असा की खळ्यावर उभं राहून ‘न्हाई’ हा शब्द उच्चारायचा नाही. दाण्यानं ऐकलं तर रास आटते, असं माणसं मानायची. पाण्याची घागर रिती झाली तर “घागर आडाला निघाली” म्हणायचं. तंबाखू संपली तर “तंबाखू वाढली.” माझ्या मायनं एकदा भाकरीसोबत मीठ आणलं का म्हणून विचारलं, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले, “लय हाय. दुकानात.” मी तेवढ्यावर दोन दिवस हसत होते. आता यंत्रावरची पोरं ‘न्हाई’ म्हणतात, ‘नो’ म्हणतात, रास पडायची तेवढी पडतेच.

ह्या नेमातूनच आमच्या गावात एक खेळ निघाला होता. तमाशात दोन सोंगाडे समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी सुचेल ते बोलतात, त्याला बतावणी म्हणतात. आमच्याकडं ती खळ्यावर चालायची. एकानं पात हाकता हाकता विचारायचं, दुसऱ्यानं कणसं सारखी करता करता उत्तर द्यायचं. विचारणाऱ्यानं असं काही विचारायचं की समोरच्याच्या तोंडून ‘न्हाई’ निघालीच पाहिजे. उत्तर देणाऱ्यानं ती गिळून दुसरीकडून निसटायचं. ज्याच्या तोंडून शब्द निघाला त्याचा कान धरून तिवड्याभोवती फिरवायचं. ठरवून काही नसायचं. ठरवलं तर मजा काय.

गावात ह्या खेळाची एकच जोडी होती. एक माझा थोरला भाऊ नामदेव, त्याला मी नामादादा म्हणायची. दुसरा मारोती. दोघं एका गल्लीत वाढले, एका विहिरीत पोहायला शिकले, एकाच दिवशी शाळेतून पळाले. पुढं मारोतीशीच माझं लग्न झालं. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, आता घेते, आता कोण धरायला बसलंय. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या आणि एक आड. गावाचं नाव सांगत नाही. पिंगळीच्या टेसनावरून गाडीवाटेनं जावं लागायचं एवढं सांगते. तिथली माणसं अजून जिवंत आहेत आणि माझ्याइतकीच संशयी आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत दादानं आमच्या आबांच्या खळ्यावर, सगळ्यांच्या देखत, विचारायला सुरुवात केली.

“काय रं मारत्या, लगीन केलंस म्हणं?”

“केलं की.”

“बायको कशी हाय?”

“तुझ्यावानी हाय.”

“म्हंजी देखणी.”

“म्हंजी बोलायला लागली की बैल हुबे राहतेत.”

“मग सुखात हायेस का?”

सगळे वाट बघायला लागले. इथं ‘न्हाई’ म्हटलं तर कान जातो, ‘हाय’ म्हटलं तर बायकोला भ्याला असं होतं. मारोतीनं बैलाच्या तोंडाकडं बोट केलं. “त्याला मुसकं बांधलंय, अन् तू त्यालाच इचारायलास, पोट भरलं का.” माणसं पोट धरून हसली. मी लिंबाखाली भाकरी सोडत होते, मला राग आला आणि हसूही आलं. त्या रात्री मी त्याला भाकरी जरा करपवूनच वाढली.

शाळेचा विषय निघाला की तर विचारूच नका. निजामाचं राज्य, शाळेत उर्दू. दादानं विचारावं, “शाळेत गेलतास का रं?” मारोतीनं म्हणावं, “गेलतो की. मास्तर उर्दूत मारायचा, मी मराठीत रडायचो.” “मग शिकलास काय?” “दोघालाबी एकमेकाचं कळायला लागलं.” ह्यातलं एकही वाक्य त्यांनी घरी घोकलेलं नव्हतं. मला हे पक्कं माहीत आहे, कारण एकाचं ताट मी लहानपणापासून वाढत होते आणि दुसऱ्याचं लग्नापासून. दोघंही घरी मुखदुर्बळ होते. दादा घरात दाजी म्हणून मारोतीला मान द्यायचा, पाट सरकवायचा. खळ्यावर मात्र मारत्या आणि नाम्या. मला वाटतं, त्या गोल जागेत पाय ठेवला की ते पुन्हा लहान व्हायचे. एक दुसऱ्याच्या हातात आपलं काहीही देऊन टाकायचा, तो ते खाली पडू द्यायचा नाही, ह्याची खात्री असायची. हे मला आता कळतं. तेव्हा फक्त हसू यायचं.

आता त्या सुगीकडं येते. येते म्हणजे काय, तिथंच तर आहे.

लढाई विलायतेकडं कुठंतरी चालू होती आणि ज्वारी आमच्याकडून जात होती. लेव्ही म्हणायचे त्याला. सरकारनं ठरवलेलं धान्य शेतकऱ्यानं घालायचंच. खळ्यावर रास पडायच्या आत तहसीलचा गिरदावर, म्हणजे पिकं तपासणारा अंमलदार, हजर व्हायचा आणि राशीवर नजर ठेवून बसायचा. जो तो जमेल तेवढं आधीच जिरवून ठेवायचा. आमच्या आबांनी पेव भरलं होतं. आताच्या पोरांना पेव माहीत नाही. जमिनीत रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. वरून माणूस चालत गेला तरी कळत नाही. ते पेव आमच्या मागच्या अंगणात होतं, लहानपणापासून रिकामंच पडलेलं. त्या साली आबांनी ते भरलं. वर्षाचं खाणं त्यात, पुढच्या पेरणीचं बी त्यात. भरताना आबा, माय, दादा आणि मी, एवढीच माणसं होतो. मी माहेरी आले होते दोन दिवस. आबा मला म्हणाले, “सासरी बोलू नको.” मी बोलले नाही. हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवते. मी बोलले नाही.

त्या सुगीत मला पहिल्यांदा दिवस गेलेले होते. पाचवा सरून सहावा लागला होता. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर दोन गल्ल्यांवर असलं तरी भावानं रीतसर मुराळी म्हणून न्यायला यायचं, सासूनं ओटी भरून धाडायचं. माय आतापासूनच जुन्या लुगड्यांच्या दुपटी शिवत बसली होती. मला सासूची भीती वाटायची आणि बाळंतपणाची त्याहून जास्त. रात्रंदिवस मी एकच मनाशी म्हणायची, मायजवळ जायचंय, मग होऊ दे काय व्हायचं ते.

गिरदावर म्हणून आला तो माणूस वाईट नव्हता. उगाच खोटं कशाला बोलू. पोटाच्या दुखण्यानं बेजार होता, भाकरी खायचा नाही, नुसतं ताक मागायचा. आबांनी त्याला खळ्याच्या कडेला बाज टाकून दिली होती. बरोबर दोन जवान. तो दिवसभर राशीकडं बघत बसायचा, आणि आम्ही सगळे त्याच्याकडं बघत बसायचो. खळ्यावर कुणी मोठ्यानं बोलेना. आबांनीच दादाला खूण केली, की काहीतरी बोला बाबांनो, साहेबाला करमू द्या. हसरा माणूस कमी मोजतो, असा आबांचा हिशेब.

मारोती सासऱ्याच्या मळणीला मदत म्हणून आला होता. दादानं पात हाकायला घेतली. मास्तरांचं झालं, बायकोचं झालं, गिरदावर बाजेवर उठून बसला, त्याला आमची बोली अर्धीमुर्धी समजायची तरी तो हसायला लागला. आणि दादानं लहानपण काढलं.

“मारत्या, लपाछपीत एकदा तू दिस बुडेस्तोवर घावला नव्हतास. माझी माय रडायला लागली, तुझ्या बापानं आडात गळ टाकून बगितला. कुठं व्हतास रं?”

“तुमच्याच पेवात,” मारोती म्हणाला.

लोक हसले. मी दादाकडं बघत होते. त्याचा चाबकाचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. मग त्यानं सावरून घेतलं. “पेवात काय करायलतास?”

“झोपलतो. मस्त गार.”

एवढ्यावर मिटलं असतं. पण गिरदावर डोळे पुशीत, हसत, बाजेवरून म्हणाला, “अरे, वो पेव अब बी है क्या?”

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. हाच प्रश्न घरी विचारला असता, वाटेत विचारला असता, चावडीत विचारला असता, तर कुणीही उत्तर दिलं असतं की न्हाई साहेब, कवाच बुजवलं. पण मारोती खळ्यावर उभा होता. सासऱ्याच्या खळ्यावर, सासऱ्याच्या राशीसमोर. तिथं तो शब्द नव्हता.

मारोती थांबला. किती थांबला हे मी पुढं कितीदा आठवून बघितलं. मग तो म्हणाला, “हाय की साहेब. पर आता मी मावंना त्यात.”

सगळ्यात जास्त गिरदावर हसला. ताक मागवून प्याला.

आबांनी संध्याकाळी खळ्यावरचा कडबा गाडीत भरला आणि मागच्या अंगणात त्याची गंजी रचली. पेवाच्या बरोबर तोंडावर. मायनं विचारलं, “आजच काहून?” आबा म्हणाले, “आजच.” कडबा तिथं कधी रचत नसत, वैरण गोठ्याला लागून असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जवान लोखंडी पहारी घेऊन आले, सरळ मागच्या अंगणात गेले, गंजी हलवली आणि पहार मारली. पेव निघालं. वरच्या थरापासून तळापर्यंत सगळी ज्वारी गाड्यांत भरून नेली. गिरदावर ओट्यावर खाली मान घालून बसला होता. जाताना आबांना म्हणाला, “क्या करें पाटील, नौकरी है.” आबा पाटील नव्हते.

ते पेव कुणी फोडलं? प्रश्नानं, उत्तरानं, की गंजीनं? मला विचाराल तर गंजीनं. ज्या जागेवर काल काही नव्हतं तिथं आज गंजी दिसली, तर आंधळासुद्धा तिकडंच जाईल. पण हे माझं आत्ताचं शहाणपण. त्या वेळी आबांच्या गंजीवर बोट ठेवणारा कुणी नव्हता. ज्याचं गेलं त्याच्याकडं कसं बोट दाखवायचं. आणि चेष्टा करणाऱ्याकडं दाखवायला काय लागतं.

सासू म्हणाली, “तुझ्या भावाला इचारायला तेच घावलं का?”

माय आडावर भेटली तर घागर भरता भरता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “जावयाला बोलायला तेच घावलं का?”

दोन्ही वाक्यं मीच ऐकायची आणि दोन्ही घरी मीच गप्प बसायची. गावात तर संशयाचं पेव फुटलं. कुणी सांगितलं, नामदेव पिंगळीच्या टेसनावर त्या जवानाबरोबर चहा पिताना दिसला. कुणी म्हणालं, मारोतीनं सासऱ्याचं धान्य दाखवून बापाचं वाचवलं, नाहीतर त्यांच्याकडं कसं काही घावलं नाही. टेसनावर चहा तर सगळेच पितात. माझ्या सासऱ्याच्या घरी काही घावलं नाही, कारण तिथं काही नव्हतंच. पण संशयाला पुरावा लागत नाही, नुसती सवड लागते. सुगी उरकली की खेड्यात सवडच सवड.

मी पण सुटले नाही. मारोती भाकरी खायला बसला की मी त्याच्या घशाकडं बघायची, घास नीट उतरतो का. त्याला पेवात ज्वारी आहे हे माहीत होतं का? माहीत नसेल तर तो खळ्यावर थांबला कशाला? आणि माहीत असेल तर त्याला कुणी सांगितलं? माहीत नसलेल्या माणसानं पटकन म्हणायला पाहिजे होतं, हाय साहेब, बघा चला. तो थांबला. मग दुसरं मन म्हणायचं, अगं वेडे, हसवणारा माणूस थांबतोच, न थांबता म्हटलं तर हसू येत नाही. ‘आता मी मावंना’ म्हणजे मोठा झालो म्हणून मावत नाही, की पेव भरलंय म्हणून मावत नाही? साधं वाक्य, त्याची दोन पोटं. मी रात्री कुशीवर वळून त्याच्या पाठीकडं बघत राहायची. विचारलं मात्र नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर चोरीही नव्हती, तरी लख्ख चांदणं पडलेलं.

राहिलेल्या खळ्यांवर त्या साली कुणी बोललं नाही. पात फिरायची, धूळ उडायची, माणसं आपापली कणसं सारखी करायची. दादा आणि मारोती समोरासमोर आले तर दादा म्हणायचा, “राम राम दाजी.” भर रस्त्यात, चारचौघांत, दाजी. त्या मानाच्या शब्दात शिवीपेक्षा जास्त अंतर आहे, हे मला तेव्हा कळलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, लेव्ही गेली, आणि काही सुग्यांनंतर ते दोघं लोकांच्या आग्रहानं परत खळ्यावर उभे राहिले. लोक हसले. माझी पोरं हसली. पण आदल्या दिवशी मी गोठ्यात शेण भरायला गेले तेव्हा दोघं पलीकडं बसून बोलताना ऐकलं होतं. “तू मला म्हशीचं इचार, मी सासूचं सांगतो.” “आन् मग?” “मग तू हसायलास की मी पाणी पितो.” शेणाची पाटी माझ्या डोक्यावर तशीच राहिली. मला वाईट वाटलं ते कुणाला सांगणार? दोन शहाण्या गड्यांनी उद्याचं आज ठरवून घेतलं, ह्यात रडण्यासारखं काय आहे, असंच सगळे म्हणाले असते. आता दोघंही नाहीत. त्यांची आठवण निघाली की गावचे म्हातारे त्या नंतरच्या बतावण्याच सांगतात, म्हशीच्या आणि सासूच्या. चांगल्या होत्या. मला कधी हसू आलं नाही.

पण त्या सालचं सांगायचं राहिलंच. चैत्र गेला, सातवा सरून आठवा लागला, माझे पाय सुजायला लागले, तरी माहेरून कुणी आलं नाही. सासू येताजाता म्हणायची, “आमच्याकडं बी बाया बाळंत व्हतेत.” मी आडावर माय दिसेल म्हणून दुपारची जायची, मायनं वेळ बदलली होती. दोन गल्ल्या म्हणजे हाक मारली तर ऐकू जावी एवढं अंतर. मी मारोतीला म्हटलं, “तुमी तरी जाऊन बोला.” तो म्हणाला, “मी काय बोलू? मी बोललो तेच लय झालं.”

मग एका सकाळी दादा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, मुराळ्याच्या वेशात. पण आत आला नाही. अंगणात उभा राहिला. सासूनं पाट टाकला, त्यावर बसला नाही. मारोती ओट्यावर दोरी वळत बसला होता, त्यानं वर बघितलं नाही. मी दाराआड गाठोडं धरून उभी. ते गाठोडं मी कधीचं बांधून ठेवलं होतं.

“मायनं धाडलंय,” दादा म्हणाला. “न्यायला आलोय.”

“न्या की,” मारोती म्हणाला.

दादा हलला नाही. त्यानं हाक मारली, “मारत्या.” कितीतरी दिवसांनी मी ते नाव ऐकलं. मारोतीचा दोरीवरचा हात थांबला.

“एक इचारतो. आमच्या पेवात जवारी हाय, हे तुला ठावं व्हतं का?”

“न्हाई,” मारोती म्हणाला.

दादा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला मारोतीची प्रत्येक लकब पाठ होती. तो कुठं वळणार, कुठं थांबणार, डोळे कधी बारीक करणार, सगळं. पण ज्या जागी ते दोघं एकमेकांशी मन मोकळं करून बोलले, तिथं हा शब्द कधी बोललाच गेला नव्हता. मारोतीची खरी ‘न्हाई’ कशी असते आणि खोटी कशी असते, हे ओळखायला दादाला कधी मिळालंच नव्हतं. मला तर नव्हतंच.

“बरं,” दादा म्हणाला.

“तुला तर ठावं व्हतं,” मारोती म्हणाला. “मग इचारलंस कशाला?”

“मला वाटलं, तू उकिरडा म्हणशील. उकिरड्यात कडब्याखाली लपला व्हतास त्या दिशी. मला पक्कं याद हाय.”

“उकिरड्यात तू व्हतास नाम्या,” मारोती हळू म्हणाला. “त्ये दुसऱ्या दिशी. मी पेवात व्हतो.”

एवढी वर्षं सगळं गाव समजत होतं, ह्या दोघांचं लहानपण एकच आहे. ते स्वतःही तसंच समजत होते. त्याच भरवशावर एक विचारायचा आणि दुसरा सांगायचा.

सासूनं माझी ओटी भरली. मी पाया पडले. मारोतीच्या पाया पडताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. मी अंगणात उतरले. दादा पुढं, मी मागं. आमची गल्ली संपली, आड आला. दुपार व्हायची होती तरी आडावर कुणी नव्हतं. मला हलकं वाटायला लागलं. दादा आला होता, माय दारात भाकरतुकडा घेऊन उभी असणार, माझं माहेर मला मिळालं होतं. मी म्हटलं, “दादा, जरा हळू चाल. पाय लय भरून आलेत.”

तो थांबला. मागं वळला. मला वाटलं, हात धरायला वळला.

“बाई,” तो म्हणाला, “एक खरं सांग. पेव भरताना तू व्हतीस. त्याला तू सांगितलं व्हतंस का?”

“न्हाई,” मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

“बरं,” दादा म्हणाला. मारोतीला म्हणाला होता, अगदी त्याच आवाजात. मग त्यानं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, आणि मला झेपेल अशा बेतानं हळूहळू पुढं चालायला लागला.